हतनूरची बदकं

प्रश्न : हतनूर जलाशयावर हिवाळ्यात बदकं उतरतात. परवाना काढून शिकार करता येते का? नाहीतर जवळून बघायची कशी? (एक वाचक, भुसावळ)

उत्तर : शिकार नाहीच. १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आहे, आणि १९९१ च्या दुरुस्तीनंतर परवान्याची वाटही उरली नाही. फासे, जाळी लावणंही शिकारच. दिसली तर वन विभागाला १९२६ वर कळवा.

बघायला जानेवारीत, उजाडायच्या आधी पूर्वेच्या काठावर बसा. सूर्य पाठीशी राहतो, नाहीतर पक्षी नुसते काळे दिसतात. ८×४२ (आठपट मोठं दाखवणारी, ४२ मिमी भिंगाची) दुर्बीण पुरते. कपडे मातकट हवेत. उभ्यानं चालत गेलात की थवा उठतो, त्यांचं चरणं मोडतं. हे सगळ्यात वाईट. फावड्यासारखी चोच म्हणजे थापट्या बदक. काळ्या चोचीचं टोक पिवळं, बुडाशी लाल ठिपके, तो हळदीकुंकू.