माजघरातील कुंड्यांना कोणता एलईडी दिवा लावावा?

प्रश्न : दारव्हा तालुक्यातील एका खेड्यात आमचे जुने कवेलूचे घर आहे. वैशाखात अंगणातली झाडे करपू लागली, की मनीप्लांट, पुदिना आणि तुळस मी माजघरात आणते. परंतु तेथे खिडकी नसल्याने पाने फिकी पडतात व शेंडे लांबुळके होतात. बाजारात ‘१००० वॅट’ असे छापलेला जांभळ्या प्रकाशाचा दिवा मिळतो. तो घ्यावा काय? वीजबिल किती वाढेल?
– एक वाचक, जि. यवतमाळ

उत्तर : तो दिवा घेऊ नये. खरोखर १००० वॅटचा असता, तर १२ तासांत त्याने १२ युनिट वीज जाळली असती. असा आकडा बहुधा आतील चिप्सच्या कमाल क्षमतेची बेरीज असतो. म्हणून खोक्यावरील मोठी अक्षरे सोडून ‘इनपुट पॉवर’ (दिवा प्रत्यक्ष ओढतो ती वीज) किती लिहिली आहे, तेवढेच पाहावे.

हरितद्रव्य तांबडा व निळा प्रकाश अधिक शोषते, यावरून जांभळ्या दिव्यांची टूम निघाली. मात्र पांढरा एलईडी हा मुळात निळी चिप आणि तिच्यावरील फॉस्फरचा (निळ्या प्रकाशाचा काही भाग इतर रंगांत बदलणाऱ्या पदार्थाचा) थर यांचा बनलेला असल्याने त्यात निळा, हिरवा व तांबडा असे तिन्ही प्रकाश असतात, आणि हिरवा प्रकाशही पानांच्या उपयोगी पडतो. शिवाय आपल्याकडच्या कोरड्या उन्हाळ्यात पानांच्या मागे लाल कोळी (रस शोषणारी बारीक कीड) हमखास येतो. त्याचे बारीक पिवळट ठिपके जांभळ्या उजेडात दिसतच नाहीत, पांढऱ्यात लगेच दिसतात.

तेव्हा २० वॅटची साधी पांढरी एलईडी ट्यूब पुरेशी आहे. ती रोज १२ तास लावल्यास महिन्याला सुमारे ७ युनिट वीज लागेल. मात्र ट्यूब आढ्याला लावून उपयोग नाही. भर दुपारच्या उन्हाचा प्रकाश सुमारे १,००,००० लक्स (उजेड मोजण्याचे एकक) असतो आणि बंद खोलीत तो शे-दोनशेवर येतो. ही तूट काही अंशी तरी भरून काढायची, तर ट्यूब शेंड्यापासून २० ते ३० सेंटिमीटरवर साखळीने टांगावी आणि झाड वाढेल तशी वर घ्यावी. संध्याकाळी गावातले कूलर सुरू झाले, की व्होल्टेज पडते, म्हणून १०० ते ३०० व्होल्टवर चालणारी ट्यूब मागून घ्यावी.

मनीप्लांट या उजेडात चांगला राहील, पुदिना बेताचा. तुळशीला मात्र ऊनच हवे. तिला अंगणातच ५० टक्के सावलीच्या हिरव्या जाळीखाली ठेवावे. माजघरात माती सावकाश वाळते, त्यामुळे वरचा थर बोटाला कोरडा लागल्याशिवाय पाणी घालू नये, अन्यथा मुळे कुजतात.

रात्री दिवा बंद असावा. त्यासाठी टायमर लावणार असाल, तर आत बॅटरी असलेला डिजिटल घ्यावा, कारण फिरत्या तबकडीचा टायमर भारनियमनात थांबतो आणि तेवढाच मागे पडतो.