कोल्हापुरात सवलतीच्या सुपरमार्केटमधून हंगामी आणि सकस किराणा कसा भरावा?

नोकरीनिमित्त आपले चौघांचे कुटुंब नुकतेच कोल्हापुरात आले आहे, घराजवळ सवलतीचे मोठे सुपरमार्केट आहे आणि महिन्याचा सगळा बाजार तिथूनच करून तो हंगामी व सकस कसा ठेवता येईल, असे आपण विचारले आहे. माझे उत्तर असे की कोरडा किराणा तिथून जरूर भरावा, पण तोही हंगाम पाहून भरावा; पालेभाजी आणि गूळ यांसाठी मात्र या शहरात दुसरीकडे जावे.

हंगाम म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे भाजी आणि फळे येतात. डाळी-कडधान्यांनाही हंगाम असतो, हे प्लॅस्टिकच्या पिशवीमुळे विसरायला होते. नवी तूर साधारण डिसेंबर ते फेब्रुवारीत बाजारात येते, हरभरा आणि शाळू (रब्बी ज्वारी) फेब्रुवारी-मार्चमध्ये, गहू त्यानंतर. खरिपाचा भुईमूग दिवाळीच्या आसपास निघतो. पिशवीवर छापलेली तारीख ही माल पिशवीत भरल्याची असते, शेतातून निघाल्याची नसते, त्यामुळे ऑक्टोबरमध्ये ‘ताजी’ दिसणारी तूरडाळ मागच्या हंगामातल्या तुरीची असू शकते. जुने कडधान्य खराब असते असे नाही, परंतु ते शिजायला वेळ घेते आणि गॅस खाते. तांदळाचे गणित याच्या उलट आहे. नव्या तांदळाचा भात चिकट होतो, म्हणून रोजच्या भातासाठी जुनाच तांदूळ मागून घेणारी घरे इथे पुष्कळ आहेत. आजऱ्याचा घनसाळ हा सुवासिक तांदूळ दुकानात दिसला तर सणावारासाठी थोडा घ्यावा. त्याच्या सुवासामुळे भाताबरोबर फार काही लागत नाही.

म्हणून गहू, शाळू, तूरडाळ आणि हरभराडाळ यांची बेगमी मार्च ते मे या काळात करावी, उन्हात चांगले वाळवून डबे भरावेत आणि जूननंतर दुकानात कितीही मोठी सवलत लागली तरी धान्य थोडे थोडेच आणावे. कोल्हापूरचा पावसाळा दमट आणि लांबलेला असतो; त्या हवेत रव्याला आणि डाळींना कीड लागायला वेळ लागत नाही. शेंगदाण्यांबाबत तर विशेष जपावे. ओलसर हवेत त्यांवर बुरशी येते आणि काही बुरशींचे विष भाजूनही पूर्णपणे जात नाही, तेव्हा खवट वास येणारे किंवा काळपट पडलेले दाणे स्वस्त म्हणून घेऊ नयेत. याउलट नाचणी बारमाही मिळते. शंभर ग्रॅम नाचणीत 300 मिलिग्रॅमहून अधिक कॅल्शियम असते आणि चंदगड, आजरा, गगनबावडा या भागांत ती पिकते, त्यामुळे परदेशी ओट्सच्या महागड्या डब्याआधी तिच्या पिठाकडे पाहावे.

दराची तुलना करताना पाकिटावरील ‘इतकी टक्के सूट’ बाजूला ठेवून प्रति ग्रॅम किंवा प्रति किलो किंमत वाचावी. ती पाकिटावर छापण्याचा नियम आहे. मोठे पाकीट दरवेळी स्वस्त पडतेच असे नाही. शिवाय ‘एकावर एक मोफत’ ही पाटी मुगावर किंवा मटकीवर सहसा दिसत नाही. ती बिस्किटे, नूडल्स आणि सरबतांवर दिसते, म्हणून यादी घरी लिहून नेणे हिताचे. ‘मल्टीग्रेन’ असे लिहिलेले काही उचललेच, तर मागची बाजू वाचावी. घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने लिहिलेले असतात. पहिला घटक मैदा आणि दुसरा साखर असेल, तर नाचणी त्यात नावापुरतीच आहे असे समजावे. पापड, लोणची, तयार मसाले यांवर सोडियम किती ते पाहून त्याला अडीचने गुणले की मिठाचे प्रमाण निघते, आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या शिफारशीनुसार प्रौढ माणसाने दिवसभरात 5 ग्रॅमपेक्षा कमी मीठ खावे. चटणी, म्हणजे इथला लाल तिखट मसाला, तर घरचीच बरी. उन्हाळ्यात नवी मिरची आली की इथे घरोघरी वर्षाची चटणी कांडून आणतात, आपणही शेजारच्या काकूंना विचारून त्यांच्याबरोबर करून घ्यावी.

भाजीविषयी थोडक्यात सांगतो. बटाटा, बीट, लाल भोपळा अशा टिकाऊ गोष्टी सुपरमार्केटमध्ये चालतील. मेथी, पोकळा, चाकवत, हिवाळ्यातली हरभऱ्याची कोवळी भाजी आणि जवारी (गावठी) कोथिंबीर यांसाठी कपिलतीर्थ किंवा लक्ष्मीपुरीची मंडई गाठावी, कारण आसपासच्या गावांतून आलेली पेंढी तिथे अधिक ताजी असते आणि संध्याकाळी मावशी दरही कमी करतात. फळांत एवढेच ध्यानात ठेवावे की मे महिन्यातले चकचकीत देशी सफरचंद शीतगृहातून आलेले असते. त्या दिवसांत आंबा, करवंदे आणि फणस दारात येतात, तर जानेवारीनंतर सांगली भागातली द्राक्षे आणि त्याआधी पेरू व आवळा.

राहिला गूळ. कोल्हापुरी गुळाला 2014 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले आहे, आणि दिवाळीनंतर मार्च-एप्रिलपर्यंत जिल्ह्यात गुऱ्हाळे चालू असताना सुपरमार्केटमधील एकसारख्या पिवळ्याधमक वड्या घेण्याचे कारण मला दिसत नाही. फार फिकट रंग आणण्यासाठी रसायने वापरली जातात, काही ठिकाणी साखरही मिसळली जाते. गुळाचा तांबूस-तपकिरी रवा, म्हणजे ढेप, ओळखीच्या गुऱ्हाळातून किंवा विश्वासातल्या व्यापाऱ्याकडून घ्यावा, चव घेऊन घ्यावा. खारट लागला तर घेऊ नये. मात्र गूळ म्हणजे शेवटी साखरच, तेव्हा तो पौष्टिक म्हणून चहात जास्त घालू नये. पावसाळ्यात त्याला पाणी सुटते, म्हणून जूनपूर्वी घेतलेला रवा फोडून घट्ट झाकणाच्या बरणीत भरावा आणि ओला चमचा त्यात घालू नये.