आमदारांकडे पहिल्यांदा जाताना

अरे, खाडीकाठची पाणथळ जागा जपायला निधी मिळावा म्हणून आमदारांना द्यायचं तुझं बारा पानी निवेदन वाचलं. तळमळ दिसते, पण एवढं कोणी वाचत नाही. एकच पान कर: जागा कुणाच्या ताब्यात आहे (वन विभाग, सिडको की महापालिका), काम काय, पैसे किती. ताबा चुकला की सगळं मुसळ केरात. आमचा एक अर्ज चुकीच्या खात्यात वर्षभर फिरत होता!

ठाणे खाडीचं उदाहरण जरूर दे. २०१५ मध्ये फ्लेमिंगो अभयारण्य, २०२२ मध्ये रामसर दर्जा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा. पण दर्जा मिळाला म्हणून गस्तीच्या बोटी आणि माणसं आपोआप येत नाहीत, त्याला तरतूद लागते. नेमकं हेच सांग.

अर्थसंकल्प मार्चच्या सुमारास मांडतात. तेव्हा धावून उपयोग नाही, खात्यांचे आकडे आधीच ठरतात. दिवाळी आटोपली की जा. हुकलंच तर पुरवणी मागण्या असतात, म्हणजे अर्थसंकल्पानंतर मागितलेला जादा निधी. जिल्हा नियोजन समितीची वाट वेगळी, तिथे पालकमंत्री अध्यक्ष.

साहेबांइतकीच पीएशी ओळख ठेव. फोटो दोनच ने, फ्लेमिंगो सगळ्यांनी पाहिलेत. त्यापेक्षा दिवाळे कोळीवाड्यातले एखादे काका सोबत असू देत, त्यांचं ऐकतात. आणि शिक्का-तारखेची पोच घेतल्याशिवाय उठू नकोस.