पाच लाखांची पॉलिसी आणि नऊ हजारांची खोली

प्रश्न : यांना (वय ६४) छातीत दुखू लागले म्हणून पुण्याला नेले, तिथे अँजिओप्लास्टी झाली. दोन दिवस आयसीयू, तीन दिवस खोलीत. बिल ३,२४,००० रुपये. आमची ५ लाखांची फ्लोटर (घरातल्यांची मिळून एकच) पॉलिसी नऊ वर्षे न चुकता चालू आहे, तरी कंपनीने १,८३,०००च दिले. उरलेले १,४१,००० मी पाटल्या गहाण ठेवून भरले. जीएसटी धरून ४६,०२० रुपये हप्ता भरल्याची जुनी पावती सोबत जोडली आहे. मुलगा म्हणतो, पॉलिसी बंद कर आणि तेवढ्याची दरवर्षी एफडी कर. एजंट म्हणतात, दुसऱ्या कंपनीची नवी पॉलिसी घ्या, स्वस्त पडेल. काय करू?
– एक निवृत्त शिक्षिका, कराड

उत्तर : ताई, बिल आणि सेटलमेंट लेटर (कंपनीने किती दिले, किती कापले ते पत्र) दोन्ही पाठवलेत हे फार बरे केलेत. मला येणाऱ्या बहुतेक पत्रांत नुसता राग असतो. मी एका विमा कंपनीत एकतीस वर्षे क्लेमच्या टेबलावर काढली. तिथे राग चालत नाही, कागद चालतो.

तुमच्या पॉलिसीत खोलीभाड्याला विमा रकमेच्या १ टक्का, म्हणजे रोज ५,००० रुपयांची मर्यादा आहे. तुम्ही घेतलेली खोली ९,०००ची. आपल्याला वाटते, वरचे चार हजार आपण भरू, तीन दिवसांचे बारा हजार होतील. पण खोली वरच्या वर्गाची घेतली की डॉक्टरांची फी, कॅथलॅब, नर्सिंग सगळ्याचे दर रुग्णालय चढवते, म्हणून कंपनी तो खर्चही त्याच प्रमाणात कापते. क्लेमवाले याला ‘प्रपोर्शनेट डिडक्शन’ म्हणतात. तुमचे प्रमाण नऊला पाच. या खर्चाच्या १,६२,०००चे ९०,००० झाले, ७२,००० तिथेच गेले.

तुम्हाला दोष देत नाही. माझ्या आईचे मांडीचे हाड मोडले तेव्हा रात्री अकरा वाजता काउंटरवरच्या मुलीने विचारले, ‘‘कुठली रूम?’’ मी, क्लेम खात्यातला माणूस, म्हणालो, ‘‘जी रिकामी असेल ती.’’ पुढे महिनाभर बायको मला त्यावरून ऐकवत होती.

आता लेटरचे दुसरे पान काढा. स्टेंट, औषधे आणि तपासण्या मिळून १,०८,०००. यालाही नऊला पाचची कात्री लावून त्यांनी ६०,००० दिलेत. ही कात्री इथे चालत नाही. विमा नियामकाच्या २०२०च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार औषधे, शरीरात बसवायच्या वस्तू आणि तपासण्या यांना ही प्रमाणातली कपात लागू होत नाही. आयसीयूच्या भाड्यालाही नाही. तुमच्या आयसीयूचे १८,००० त्यांनी पूर्ण दिलेत, म्हणजे नियम त्यांना ठाऊक आहे, सोयीपुरता लावला आहे. तुमच्या पॉलिसीच्या पुस्तिकेत ‘असोसिएटेड मेडिकल एक्स्पेन्सेस’ची, म्हणजे या प्रमाणात कापता येणाऱ्या खर्चाची, व्याख्या शोधा, त्यावर पेन्सिलीने खूण करा आणि ४८,००० मागा. आणखी एक : खोलीप्रमाणे दर बदलत नसतील अशा रुग्णालयात ही कपात करताच येत नाही. तुमच्या रुग्णालयाकडून दरपत्रक मागून घ्या. सगळ्या वर्गांना एकच दर निघाला, तर ते ७२,०००सुद्धा तुमचे. हातमोजे वगैरे किरकोळ वस्तूंचे कापलेले ९,००० मात्र विसरा.

आधी कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला लिहा. महिनाभरात उत्तर आले नाही किंवा आले ते पटले नाही, तर पुण्याच्या विमा लोकपालाकडे जा. फी नाही, वकील लागत नाही, ५० लाखांपर्यंतच्या तक्रारी तिथे चालतात. कंपनीच्या नकारानंतर वर्षाच्या आत जायला हवे, एवढे ध्यानात ठेवा.

मुलाच्या एफडीचा हिशेब करून पाहू. आता वैयक्तिक आरोग्य विम्यावर जीएसटी नाही. २२ सप्टेंबर २०२५ पासून तो शून्य झाला. तुमच्या पावतीतले ७,०२० रुपये कराचे होते, मूळ हप्ता ३९,०००. (कंपन्यांना स्वतः भरलेल्या जीएसटीची वजावट, म्हणजे इनपुट टॅक्स क्रेडिट, आता मिळत नसल्यामुळे मूळ हप्ता हळूच वर सरकू शकतो, नोटीस नीट वाचा.) दरवर्षी ३९,००० सात टक्क्यांनी ठेवले, तर दुसरा हप्ता ठेवता त्या दिवशी हातात ऐंशी हजार. आजार दहाव्या वर्षापर्यंत थांबला, तर मुलाचे बरोबर. पण यांच्या छातीने तसे वचन दिलेले नाही. एफडी करायचीच, पण वेगळी, दीड-दोन लाखांची, म्हणजे कपात झालीच तर पाटल्यांना हात लावावा लागणार नाही.

एजंटचे मात्र अजिबात ऐकू नका. नवी पॉलिसी म्हणजे हृदयविकाराची प्रतीक्षा, म्हणजे त्या आजाराचा क्लेम न मिळण्याचा काळ, पुन्हा पहिल्यापासून, तीन वर्षांपर्यंत. जुनीत तुमची साठ महिन्यांची मुदत केव्हाच उलटली आहे. फसवणूक सिद्ध झाल्याशिवाय आता ‘आजार लपवला’ म्हणून तुमचा क्लेम कोणी नाकारू शकत नाही. नऊ वर्षे भरून तुम्ही ही एक गोष्ट कमावली आहे, ती दोन-चार हजारांसाठी विकायची? रीतसर पोर्ट केले, म्हणजे आहे तीच पॉलिसी दुसऱ्या कंपनीकडे नेली, तर प्रतीक्षेची वर्षे सोबत येतात, हे खरे. पण नवी कंपनी नाही म्हणू शकते, आणि ताज्या अँजिओप्लास्टीला बहुधा म्हणेलच. पॉलिसी आहे तीच ठेवा. खोलीभाड्याची अट काढणारा पर्याय तुमच्याच कंपनीकडे आहे का, तो नूतनीकरणाआधी विचारा. थोडा जास्त हप्ता गेला तरी घ्या.

तुम्ही स्वतः किती वर्षांच्या, ते लिहिले नाहीत. मधुमेह, बीपी काही नसेल तर ५ लाखांवरचा सुपर टॉप-अप (वर्षाचा खर्च ५ लाखांच्या वर गेला की वरचे पैसे देणारी पॉलिसी) तुमच्या नावे याच वर्षी घेऊन टाका. यांना आता तो मिळणे अवघड. यांची सत्तरी उलटली की सरकारच्या आयुष्मान भारत योजनेचे वय वंदना कार्ड काढा, ५ लाखांचे संरक्षण मिळते, उत्पन्नाची अट नाही.

लोकपालाकडे जाताना बिलाच्या झेरॉक्स न्या. मूळ कागद कोणी मागितले तरी पोच घेतल्याशिवाय देऊ नका. आणि ४८,००० आले की पाटल्यांच्या व्याजाचे आधी भागवा, मग मला एक पोस्टकार्ड टाका.