आभार आधी, मागणं मग

बाळा, बाप्तिस्मा घेऊन तुला सहा महिनेही झाले नाहीत आणि तू विचारलंस, प्रार्थनेत मागून झालं की पुढे काय बोलायचं? मी म्हणते, मागण्याच्या आधीच बोल. आभार आधी.

सकाळी उठल्या उठल्या बायबलमधलं स्तोत्र 103 उघड. दावीद राजा तिथे स्वतःच्याच जिवाला बजावतो, देवाचे उपकार विसरू नकोस. विसरणं माणसाच्या स्वभावातच आहे. लूकच्या शुभवर्तमानाच्या 17व्या अध्यायात येशूने दहा कुष्ठरोगी बरे केले, आभार मानायला परत आला एकच, तोही शोमरोनी, म्हणजे यहुद्यांच्या लेखी परका.

मोघम आभार मानू नकोस. "सगळ्यासाठी धन्यवाद" म्हटलं की मन कशावरच थांबत नाही. मे महिन्यात आपल्या नागपुरात पारा 45च्या घरात जातो. मी कूलरमध्ये बादलीने पाणी ओतते, खसाच्या ताट्या भिजतात, ओला वास खोलीभर पसरतो. तिथेच उभी राहून त्या वासासाठी देवाचे आभार मानते. याकोब आपल्या पत्रात सांगतो ना, प्रत्येक उत्तम देणगी वरून, प्रकाशांच्या पित्यापासून येते. बादली उचलणाऱ्या हातातलं बळही त्यातच आलं.

आणि दुःखात? हे गेले तेव्हा तीन महिने मला आभाराचा शब्द सुचला नाही. देवापुढे खोटं बोलले नाही, नुसती रडले. प्रेषित पौल सर्व स्थितीत उपकारस्तुती करायला सांगतो. दुःखाला चांगलं म्हणायला सांगत नाही. एका संध्याकाळी शेजारणीने गरम पिठलं-भाकरी आणून ठेवली. ती कोणाकडून आली, हे मला कळलं. तिथून पुन्हा सुरुवात झाली.

रविवारी सदर भागातल्या आपल्या चर्चमध्ये आराधनेला येशील तेव्हा वही आण. आठवड्यातले तीन उपकार, तारखेसकट.