मोटरबोटीत बदल करताना

प्रश्न : मांडव्याला आमची १८ फुटी फायबरची मोटरबोट आहे. ६० अश्वशक्तीच्या आउटबोर्ड इंजिनाऐवजी ९० चे बसवावे, शिवाय फिशफाइंडर (ध्वनिलहरींनी पाण्याखालचे मासे दाखवणारे यंत्र) आणि संगीतसंच लावावा, असा विचार आहे. सुरुवात कशाने करावी?

उत्तर : सुरुवात इंजिनाने करू नये. बोट बांधणाऱ्याने ठरवलेली कमाल अश्वशक्ती आधी पाहावी, कारण जड इंजिनाने मागची बाजू खाली बसते आणि ज्या फळीवर ते टांगलेले असते तिच्यावरचा ताण वाढतो. मर्यादा ९० पेक्षा कमी असेल, तर हा विचार सोडूनच द्यावा. वेगाबद्दलची तक्रार पुष्कळदा इंजिनाला योग्य पिचचा (पिच म्हणजे एका फेऱ्यात पंखा तत्त्वतः जितका पुढे सरकेल ते अंतर) पाण्यातला पंखा बसवल्याने मिटते.

खरी काळजी विजेची घ्यावी. संगीतसंच आणि फिशफाइंडर वेगळ्या बॅटरीवर चालवावेत, म्हणजे दिवसभर गाणी लावूनही इंजिन सुरू करण्याची बॅटरी उतरणार नाही. खाऱ्या हवेत साधी तांब्याची तार आतून हिरवी पडत जाते, म्हणून कथिलाचा मुलामा दिलेलीच तार वापरावी आणि फ्यूज बॅटरीच्या अगदी जवळ बसवावा. तळात साचणारे पाणी उपसणारा, तरंगत्या स्विचने आपोआप सुरू होणारा पंप नसेल, तर तो मात्र, आमच्या मते, संगीतसंचाच्या आधी घ्यावा.