समुद्राने खाल्लेलं नाणं आणि टांकसाळीत चुकलेलं नाणं

प्रश्न : मामांची रापण ओढताना वाळूत दोन रुपयांचं नकाशाचं नाणं मिळालं, एक बाजू कोरी. घरच्या डब्यात स्टीलचा एक रुपया निघाला, त्याचा चंद्रकोरीसारखा तुकडाच नाही. मोबाईलवर एक जण दोन्हींचे लाख रुपये देतो म्हणतो, पण आधी नोंदणीचे पंधराशे मागतो. नाणी सोबत पाठवली आहेत. परत आली की आमसुलाने घासून त्याला फोटो पाठवू का?
– एक वाचक, वेंगुर्ले

उत्तर : पंधराशे मुळीच पाठवू नका. जुन्या नाण्यांच्या नावाखाली शुल्क मागणाऱ्यांपासून सावध राहा, असं रिझर्व्ह बँकेने २०२१ सालीच बजावलंय. आणि आमसूल लावू नका हो! त्याने गडू लखलखतो, पण नाण्याचा मूळ पोत जातो, तो परत येत नाही.

तुम्ही पाठवलेली नाणी मी खिडकीपाशी तिरप्या उजेडात पाहिली. दोन रुपयांच्या 'कोऱ्या' बाजूवर सिंहांची पुसट सावली अजून आहे. अकराही कोपरे गोल झालेत, नकाशाची बाजूही थकलेली. सोनाराच्या काट्यावर ५.४ ग्रॅम भरलं, मूळ वजन ६. हे वाळूचं आणि खाऱ्या पाण्याचं काम. टांकसाळीत नक्षी उठवणाऱ्या ठशाखाली दोन कोऱ्या चकत्या एकदम गेल्या तर खरंच एक बाजू कोरी राहते, पण मग दुसरी बाजू खणखणीत उठते आणि कोपरे शाबूत असतात.

रुपया मात्र खरोखरच टांकसाळीत चुकलेला निघाला, मला फार आनंद झाला! धातूच्या पट्टीतून चकत्या कापताना पट्टी नीट पुढे सरकली नाही, तर नवी चकती आधीच्या भोकावर चढते आणि तेवढा घास कमी पडतो. नंतर काठ उचलायला चकती दोन्हीकडून दाबत फिरवतात. घासाच्या जागी दाब लागत नाही, म्हणून बरोबर समोरचा काठही नीट उठत नाही. रुपया परत हाती आला की तो समोरचा काठ बोट फिरवून पाहा, सपाट लागेल. शिवाय घासाजवळचे नक्षीतल्या कणसाचे दाणे तुटलेले नाहीत, घासाकडे ओघळल्यासारखे आहेत. कानशीने कापलेल्या नाण्यात नक्षी सपकन तुटते आणि समोरचा काठ धडधाकट असतो.

एक गोष्ट कायम लक्षात ठेवा, ओरखडा खोल जातो. ठशाला तडा गेला असेल तर नाण्यावर रेघ वर उठते. नख फिरवलं की कळतं.

जाता जाता, आजीच्या शिवराईवर 'श्री राजा शिव'ची अक्षरं अर्धीच दिसली तर ती चूक समजू नका. ती नाणी हातोड्याने पाडत, आणि चकती ठशापेक्षा लहान असे.

रुपयाचे लाख येणार नाहीत, पण संग्राहक दर्शनी किमतीपेक्षा नक्की जास्त देईल. दोन्ही नाणी आज पोस्टाने परत पाठवतोय. रुपया कोरड्या कागदी पाकिटात ठेवा. पावसाळ्यात प्लॅस्टिकच्या पिशवीत दमट राहतं.